भाच्याच्या रक्तातल्या पेशी ‘कायम जिवंत’ ठेवणार म्हणजे काय करणार?

ताई, गडचिरोलीतल्या कुरखेड्याच्या तुमच्या भाच्याचं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या अभ्यासासाठी रक्त नेलं, आणि ‘विषाणू घालून पेशी कायम जिवंत ठेवू’ हे ऐकून घरचे घाबरले, असं तुम्ही लिहिलंय. मी नागपुरात बरीच वर्षं हेच काम केलं, म्हणून जरा लांबण लावतो.

विषाणू बाटलीतल्या पेशींना देतात, पोराला नाही. त्या पेशी परत त्याच्या अंगात जात नाहीत.

हा एपस्टाईन-बार विषाणू, 1964 साली सापडलेला. दहातल्या नऊ मोठ्या माणसांत तो आधीच गपचूप बसलेला असतो, तुमच्यामाझ्यातही असेल. रक्तातल्या बी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) बाहेर काढल्या की काही दिवसांत मरतात. हा विषाणू आत शिरला की त्या विभागतच राहतात. पण त्याच रक्तातल्या टी-पेशी (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) अशा बी-पेशींना ओळखून मारतात, म्हणून सायक्लोस्पोरीन हे औषध टाकून टी-पेशींना थोपवायचं. मी एकदा विसरलो, छान वाढलेली बाटली गेली. जमलं तर तीनेक आठवड्यांत तळाशी रव्याएवढे गुच्छ दिसतात, पेशी ज्यात वाढतात तो गुलाबी द्रव पिवळा पडू लागतो. पुढे साठवण द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर.

आमचा जीव खरा टांगणीला लागायचा तो प्रवासात. मे महिन्यात गडचिरोलीहून नमुना आणायचा, तोही ना उन्हात ना बर्फात, आणि शक्यतो एका दिवसात.

फायदा हा, की डीएनए लागेल तेव्हा पोराला पुन्हा सुई नको. सिकलच्या लेकराच्या अंगात रक्त आधीच कमी. मात्र या पेशी हिमोग्लोबिन बनवत नाहीत. सिकलचा बिघाड त्यांच्या डीएनएत असतो, पण विळ्यासारखी वाकलेली लाल पेशी त्या बाटलीत कधीच दिसणार नाही. त्यामुळे ‘यावर सिकलचं औषध तपासून भाच्याला देऊ’ असं कोणी म्हटलं असेल, तर बाप्पा, नीट खोदून विचारा.

संमतीपत्र मराठीत मागा. पेशी किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या संस्थेला देणार का, नावाऐवजी क्रमांक टाकणार का, एवढं त्यात असायलाच हवं. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सात वर्षांवरच्या मुलालाही विचारायचं असतं, आणि सही झाल्यावरही माघार घेता येते.

भावजींना सांगा, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि भरपूर पाणी चालूच ठेवा. या उन्हात दुखणं उठायला वेळ लागत नाही.