इंग्लंडमधल्या जुन्या पबमध्ये लहान मुलीला आणि माळकरी सासऱ्यांना नेलं तर चालेल का?

हो, जरूर न्या. मे महिन्यात कॉर्नवॉलला, म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला जाताय, सोबत सहा वर्षांची मुलगी आणि माळकरी सासरे आहेत, म्हणून तुम्हाला संकोच वाटतोय. माझे वडील इकडे आले होते तेव्हा त्यांचंही हेच झालं होतं. आपल्या डोळ्यांसमोर काळ्या काचांची परमिट रूम येते ना! इथला जुना पब म्हणजे गावाची बैठकीची खोली.

मी वडिलांना कॉर्नवॉलमधल्याच हेल्स्टनच्या ‘ब्लू अँकर’ पबमध्ये नेलं. हेल्स्टन हे जुनं बाजाराचं गाव, राजा जॉनने १२०१ साली सनद दिलेलं. पब आहे त्या रस्त्याचं नाव कॉइनेजहॉल स्ट्रीट. आसपासच्या खाणींमधलं कथील इथे यायचं, लगडीचा कोपरा छाटून कस पाहिला जायचा आणि राजाचा कर भरल्यावरच ते विकता यायचं. ‘कॉइन’ म्हणजे फ्रेंचमध्ये कोपरा, त्यावरून हे नाव. रस्त्याच्या दोन्ही कडांनी दगडी पन्हळींतून पाणी वाहतं, तेव्हा मुलीचा हात धरून चाला.

पबवर गवताने शाकारलेलं छप्पर आहे. ही जागा मुळात ख्रिस्ती साधूंची धर्मशाळा होती म्हणतात. हे ऐकून वडिलांचा चेहरा जरा सैलावला. आत गेल्यावर ते कितीतरी वेळ खालची फरशी बघत होते. पावलांनी झिजून मधोमध खोलगट झालेली. ‘आपल्या आजोळचा उंबरा असाच होता,’ म्हणाले. मग लाइम-सोडा घेऊन तासभर निवांत बसले. शेजारच्या म्हाताऱ्याने त्यांना पावसापाण्याचं विचारलं, एवढंच. ग्लासात काय आहे ते कुणी पाहिलंही नाही.

हा पब मला फार जवळचा वाटतो तो आणखी एका कारणाने. इथली ‘स्पिंगो’ बिअर मागच्या अंगणातच बनते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःची बिअर गाळणारे असे जुने पब अख्ख्या इंग्लंडमध्ये अवघे चार उरले होते, त्यांतला हा एक. मोठ्या कंपन्यांच्या रेट्यात हे टिकलं याचं मला खरंच अप्रूप आहे.

कायद्याचं म्हणाल तर मोठी माणसं सोबत असली की मुलांना सहसा आत घेतात. संध्याकाळी किती वाजेपर्यंत, ते प्रत्येक पबचं वेगळं असतं, दारातच विचारा. टेबलाशी कुणी येत नाही. काउंटरवर जाऊन सांगायचं, पैसेही तिथेच द्यायचे. जेवायचं असेल तर आधी फोन करा, सगळीकडे स्वयंपाकघर नसतं.

आणि जमलं तर ८ मे साधा. त्या दिवशी फ्लोरा डे, म्हणजे हेल्स्टनचा वसंतोत्सव असतो (रविवार किंवा सोमवार आला तर आधीच्या शनिवारी). सकाळी गावातली शेकडो मुलं पांढरे कपडे घालून बँडच्या तालावर रस्त्यांतून नाचत जातात. पुढच्या नाचात तर जोड्या घरांच्या पुढच्या दारातून शिरून मागच्या दाराने बाहेर पडतात! तुमची मुलगी हरखून जाईल. फक्त त्या दिवशी पबमध्ये पाय ठेवायला जागा नसते, म्हणून सासऱ्यांना आदल्या दुपारीच घेऊन जा.