गुन्हा मृत नवऱ्यावरच. खणलेल्या रस्त्याचा जाब कुणाला विचारायचा?

प्रश्न : चौपदरीकरणाच्या कामावर रात्री माझ्या नवऱ्याची गाडी मोरीसाठी खणलेल्या चरात गेली. ते जागीच गेले. तिथे ना फलक होता, ना दिवा. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र पत्र्याचं बॅरिकेड उभं राहिलं. पोलिसांनी ‘भरधाव वेग’ म्हणून त्यांच्यावरच गुन्हा नोंदवला. ठेकेदाराला काहीच नाही का?
– एक वाचक, जि. रायगड

उत्तर : ताई, एफआयआर म्हणजे निकाल नव्हे. मेलेला माणूस जबाब द्यायला येत नाही, म्हणून त्याच्यावर ‘हयगय’ लिहून फाइल बंद करतात. वकिली करताना हे मी सतत पाहते, आणि दर वेळी संताप येतो.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ते बॅरिकेड. ते दुपारी लागलं, म्हणजे रात्री नव्हतं. मदतीला धावलेले लोक, क्रेनवाला, जवळचा टपरीवाला यांची नावं आजच लिहून ठेवा. कुणी फोटो काढले असतील तर मूळ फाइल मागा. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत काढल्याची वेळ सापडत नाही. पंचनाम्याची प्रत घ्या. चराची खोली, उजेड, फलक यांचा त्यात उल्लेख नसेल, तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पुरवणी जबाब आणि ठेकेदारावर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), म्हणजे हयगयीने मृत्यूला कारण होणं, लावायची मागणी करा. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. सुरक्षेची मानकं न पाळल्यामुळे मृत्यू झाला तर प्राधिकरण, ठेकेदार, सल्लागार यांपैकी जो जबाबदार असेल त्याला एक लाखापर्यंत दंड होतो. माणसाच्या जिवापुढे ही रक्कम फारच तोकडी आहे, आणि ती तुमच्या हातातही येत नाही. तरी ते कलम लावून घ्याच, कारण चूक कुणाची याचा तो कागद होतो. काम चालू असलेल्या रस्त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ५५ ही मार्गदर्शिका आहे : आगाऊ फलक, कोनची रांग, रात्री चमकणारे परावर्तक. ठेकेदाराचा करार आणि त्या जागेचा वाहतूक आराखडा माहिती अधिकारात मागा, म्हणजे कागदावर काय होतं आणि जागेवर काय नव्हतं हे दाखवता येईल.

आता भरपाई. इथे दुसरं वाहन नव्हतं, त्यामुळे मोटार अपघात न्यायाधिकरणात ठेकेदाराविरुद्धचा दावा टिकणं कठीण. (दिव्याविना उभ्या डंपरवर गाडी आदळली असती, तर दावा तिथेच गेला असता, तोही अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागला असता.) तुमचा मार्ग दिवाणी न्यायालयाचा, १८५५च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली. मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. दावा एकच करता येतो, म्हणून मुलं आणि सासू-सासरे यांचीही नावं त्यातच घाला. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे गेलेल्यांच्या वारसांना सहा लाख रुपये द्यायला सांगितलं. तुमच्या वकिलांना तो आदेश दाखवा.

शिवाय गाडी त्यांच्याच नावावर आणि लायसन्स वैध असेल, तर पॉलिसी काढून बघा. मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेलं असेल, तर त्यात चूक कुणाची हा प्रश्नच येत नाही. विमा कंपनीला आजच लेखी कळवा.