कानोसा : यादी संपल्यावर लागलेलं गाणं

प्रश्न : काका, परवा रात्री सबमिशनच्या फायली पुऱ्या करत बसलो होतो. मी लावलेली गाणी संपली आणि पुढचं एक आपोआप लागलं. 'गॅलॅक्सी ५००' या बँडचं 'स्ट्रेंज'. गायक बेसूर आहे की मुद्दाम तसं गातो, कळेना, पण चार वेळा ऐकलं. कुणी याला इंडी रॉक (छोट्या स्वतंत्र कंपन्यांकडचा रॉक) म्हणतं, कुणी ड्रीम पॉप. हे लोक कोण? अख्खा अल्बम ऐकावा, की हे एकच गाणं बरं आहे?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : पट्टी झेपत नाही आणि तरी तो वरच चढतो, एवढंच आहे ते. १९९८ मध्ये मावसभाऊ अमेरिकेहून आला, तेव्हा त्याने मला याच अल्बमची, म्हणजे 'ऑन फायर'ची सीडी दिली होती. दोन गाणी ऐकली आणि म्हणालो, "याला आधी कुणीतरी सा लावायला शिकवा." पुढे कबुतरं येऊ नयेत म्हणून बायकोने गॅलरीत दोऱ्याला सीड्या टांगल्या, त्यात ही गेली. कबुतरं येतच राहिली.

२०१९ मध्ये स्पॉटिफाय आपल्याकडे आलं. त्याच वर्षी पुतणीच्या लॅपटॉपवर, तिची गाणी संपल्यावर, हेच 'स्ट्रेंज' लागलं आणि मेथी निवडता निवडता माझा हात थांबला. तुला आणि मला एकच गाणं भेटलं हा योगायोग नाही. हे गाणं सिंगल म्हणून, म्हणजे सुटं, कधी निघालंच नव्हतं. पण २०१७ च्या सुरुवातीपासून स्पॉटिफायवर ते बँडच्या बाकी गाण्यांना मागे टाकून सुसाट निघालं. ड्रमर डेमन क्रुकोव्स्कीला हे चमत्कारिक वाटलं आणि त्याने त्यावर लिहिलं. उलगडा असा झाला, की त्याच सुमारास स्पॉटिफायने गाणी संपली की मिळतंजुळतं पुढचं आपोआप लावायची सोय सगळ्यांना सुरू करून दिली होती, आणि 'स्ट्रेंज' हे इतरांच्या गाण्यांशी सगळ्यात जास्त जुळणारं! म्हणजे तुझ्यापर्यंत जे पोचलं, ते त्यांचं सगळ्यात कमी 'त्यांचं' गाणं. म्हणून अल्बम ऐकच.

हार्वर्डमधले तिघे मित्र. डीन वेअरहॅम गिटार आणि गाणं, क्रुकोव्स्की ड्रम, नेओमी यांग बास गिटार. ड्रमसेट कॉलेजातल्या मित्राचा उसना. तो मित्र म्हणजे पुढे टीव्हीवर गाजलेला कोनन ओब्रायन. नेओमीने तर बास या बँडसाठीच पहिल्यांदा हातात घेतला. ती खाली ठेका धरून बसत नाही, वरच्या सुरांत स्वतःचीच चाल गुणगुणत राहते. आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागे मागे जातो ना, इथे गायक आपला बासच्या आधाराने चाललाय असं वाटतं.

ड्रीम पॉप म्हणजे, सोप्या भाषेत, धारदार कडा घासून टाकलेलं गाणं. हा शब्द लंडनच्या 'ए. आर. केन' या जोडीतल्या ॲलेक्स आयुलीच्या नावावर आहे. 'गॅलॅक्सी ५००' मुळात साधा तीन माणसांचा रॉक बँड. त्यांना धुक्यात नेलं ते न्यूयॉर्कच्या क्रेमर या निर्मात्याने. त्याने गिटार आणि आवाज दोन्हींना असा घुमारा दिला, की जिन्यात कुणीतरी गातंय आणि आपण वरच्या मजल्यावर आहोत.

'स्नोस्टॉर्म' हेडफोन लावून ऐक. टीव्हीवर बर्फाच्या वादळाच्या बातमीने नुसता उत्साह, आणि याला कामावरून घरी सोडतायत, एवढाच विषय. मुसळधार पावसात ऑफिस लवकर सुटल्यावर होतो तो आनंद! शब्द थांबतात आणि गिटार बोलायला लागते. घाई नाही, करामत नाही. एकेक सूर ठेवून तो बघत बसतो. गळ्याला जे जमत नाही ते बोटांना जमतं. शेवटी जॉर्ज हॅरिसनचं १९७० चं 'इझन्ट इट अ पिटी' आहे, तिथे तर मी त्याच्या गळ्यालाही माफ केलं. 'डीकंपोझिंग ट्रीज'मधला सॅक्सोफोन मला अजून नकोसा वाटतो, पण तू ठरव.

हा अल्बम १९८९ मध्ये 'रफ ट्रेड'ने काढला. १९९१ मध्ये बँड मोडला आणि कंपनीही बुडाली. मूळ टेप लिलावात निघाल्या, त्या क्रुकोव्स्कीनेच घेतल्या. स्वतःच्याच गाण्यांवर बोली लावायची! त्यानेच लिहून ठेवलंय, की २०१२ मधल्या एका तिमाहीत त्यांचं 'टगबोट' स्पॉटिफायवर ५,९६० वेळा वाजलं, त्याचे गीतकार म्हणून तिघांना मिळून १ डॉलर ५ सेंट मिळाले. प्रत्येकी ३५ सेंट, तेव्हाच्या भावाने अठराएक रुपये. तेव्हा आधी फुकट ऐक, आणि नोकरी लागली की विकत घे.

मी रेकॉर्ड मागवली. त्याआधी गॅलरीतली सीडी सोडवून, पुसून लावून पाहिली होती. उन्हाने पार पांढुरकी पडलेली. प्लेअरने दोनदा गरगर फिरवली आणि बाहेर काढून दिली.