मंडळाच्या पिकनिकसाठी कॉर्नहोलचे (तिरक्या बोर्डाच्या भोकात लांबून दाण्यांची पिशवी टाकायचा अमेरिकन खेळ) बोर्ड घरी बनवतोय. त्यावर गणपती पेंट करावा असं ठरतंय, कसा करावा आणि कुठला रंग टिकेल?

गणपती नको. रंगाचं सांगते पुढे, पण आधी हे.

16 औंसाची पिशवी, म्हणजे जवळजवळ अर्धा किलो वजन, 27 फुटांवरून त्या बोर्डावर दिवसभर आपटणार. मध्येच कोणाचं तरी पोर त्यावर चढून घसरगुंडी खेळणार, कोणीतरी कोकचा कॅन ठेवणार. आणि काही वर्षांनी प्लाय फुगलं की तो बोर्ड कर्बवर कचऱ्याच्या गाडीसाठी जाणार. तेव्हा त्या गणपतीचं काय करणार? विसर्जन?

मी एवढी चिडून लिहितेय कारण आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय. आम्ही सिनसिनाटीच्या जवळ राहतो, इथे हा खेळ म्हणजे घरटी एक सेट, बेंगल्सची, म्हणजे इथल्या फुटबॉल टीमची, मॅच असली की पार्किंग लॉटमध्ये आधी बोर्ड उतरतात मग ग्रिल. मंडळाच्या पिकनिकला बोर्ड मी बनवते म्हटलं तर कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, "वहिनी, तुम्ही रांगोळीसारखं डिझाईन तेवढं बघा, कापाकापी भाऊजी करतील." आमच्या ह्यांना ड्रिलचा बिट बदलता येत नाही. फ्रेम मी केली, भोक मी कापलं, पायांना कॅरेज बोल्ट मी लावले, ह्यांनी टॉर्च धरला.

मग त्याच गृहस्थांनी व्हॉट्सॲपवर चित्र पाठवलं. वरच्या बाजूला गणपती आणि भोक बरोबर पोटावर, म्हणजे पिशवी आत गेली की बाप्पाच्या पोटात मोदक! ग्रुपवर लगेच हात जोडलेले आणि हसणारे इमोजी, दोन्ही. मी सरळ लिहिलं की मी हे काढणार नाही. तर म्हणे लग्नपत्रिकेवर असतो, टीशर्टवर असतो, तेव्हा चालतं का? अहो, पत्रिका टाकतानासुद्धा आपण चार वेळा विचार करतो, ड्रॉवरमध्ये गठ्ठे साठतात त्याचे. आणि पत्रिकेवर कोणी नेम धरत नाही.

शेवटी मी वारली काढली. गेरूच्या रंगाचा बेस, त्यावर पांढरं. तारपा नाच मुळातच गोल गोल फिरत जातो ना, तो मी भोकाभोवती फिरवला, तारपावाला भोकाच्या कडेला आणि नाचणाऱ्यांची रांग उलगडत खाली अर्ध्या बोर्डापर्यंत. भोकाचा मध्य वरच्या कडेपासून 9 इंचांवर येतो त्यामुळे खाली भरपूर जागा मिळते, तिथे एक ताडाचं झाड आणि कोंबड्या. यावर साहेबांचं उत्तर, "वारली पण देवाचीच कला आहे." अर्धं बरोबर आहे. लग्नाचा चौक असतो, त्यात पालघट देवी असते, तो मी मुद्दाम घेतला नव्हता. नाच हा नाच आहे, त्यावर पिशवी पडली तर कोणाचं काही जात नाही.

आता रंग. साधा अ‍ॅक्रिलिक लेटेक्स चालतो पण खाली प्रायमर हवाच, आणि प्रत्येक हातानंतर 220 चा सँडपेपर हलक्या हाताने. डिझाईनच्या पांढऱ्या रेघा जाड ठेवल्या तर बोट फिरवलं की उंचवटा लागतो, पिशवी नेमकी तिथे अडते आणि मग खेळणारे तुम्हाला शिव्या देतात. म्हणून रंग पातळ, दोन हात, वर पॉलीयुरेथेनचे तीन-चार हात. ते वॉटर बेस्डच घ्या, ऑइल बेस्ड पिवळं पडतं आणि पांढऱ्याचा पार रंग जातो. ग्लॉसी घेतलंत तर ते पूर्ण वाळू द्या, घाई केली तर उन्हात चिकचिकतं. व्हायनिलचा स्टिकर मला आवडत नाही, कडेने सुटतो, पण लोगो वगैरे हवा असेल आणि ब्रश धरायची सवय नसेल तर तोच लावा, उगाच हौस नको.

बोर्डाची मापं 4 फूट बाय 2 फूट, भोक 6 इंच, मागची बाजू 12 इंच उंच, हे तुम्हाला माहीत असेलच. दुकानात 2 बाय 4 फुटाचे तयार तुकडे मिळतात, अख्खी शीट आणायची गरज नाही. अर्धा इंची प्लाय घेतलंत तर खाली मध्ये एक आडवी पट्टी ठोका, नाहीतर पिशवी उसळते.

हो, तुमच्या मंडळात सगळ्यांना गणपती चालत असेल तर मी कोण सांगणारी. पण एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ग्रुपवर पोल नका टाकू. आमच्याकडे पोलमध्ये गणपतीच जिंकला होता, पण ब्रश माझ्या हातात होता.

पिशव्या घरी शिवणार असाल तर डक कापड, म्हणजे कॅनव्हाससारखं जाड सुती कापड, घ्या आणि मका भरू नका, गराजमध्ये उंदीर येतात. प्लॅस्टिकचे दाणे मिळतात ते भरा, भिजले तरी काही होत नाही.