लहान व्यावसायिकाने आपल्या सॉफ्टवेअरची पायरसी लायसन्सद्वारे कशी रोखावी?

तुम्ही लिहिले आहे की, औषध दुकानांसाठी तयार केलेले तुमचे बिलिंग सॉफ्टवेअर एका दुकानदाराने विकत घेतले आणि काही महिन्यांतच ते त्याच तालुक्यातील इतर चार-पाच दुकानांतही चालू असल्याचे तुमच्या कानावर आले; तेव्हा लायसन्सची कोणती पद्धत वापरावी आणि सोबतच्या प्रशिक्षणाच्या व्हिडिओंचे काय करावे. मी पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवतो आणि याच प्रश्नाशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जो प्रोग्रॅम ग्राहकाच्या यंत्रावर चालतो तो पूर्णपणे अभेद्य करता येत नाही, कारण यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तो लायसन्स तपासणारा भागच काढून टाकू शकतो. मोठमोठ्या चित्रपट कंपन्यांनी स्वीकारलेले डीव्हीडीचे सीएसएस हे कुलूपसुद्धा १९९९ मध्ये फुटले. परंतु तुमच्यापुढे असा कसबी क्रॅकर उभा नाही. गावात कॉम्प्युटर जोडून देणारा आणि विंडोज टाकताना एका दुकानातील फोल्डर पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या दुकानात नेणारा माणूस, बहुधा मदत म्हणूनच, ही कॉपी करत असतो, आणि त्याला थांबवणे पूर्णपणे शक्य आहे.

नुसत्या सीरियल नंबरावर विसंबू नका. विंडोज ९५ च्या किरकोळ विक्रीच्या कीमध्ये, म्हणजे सीरियल नंबरमध्ये, शेवटच्या सात अंकांची बेरीज सातने भागली जावी एवढीच मुख्य अट होती, त्यामुळे १११-१११११११ ही कीसुद्धा चालत असे. तपासण्याचे सूत्र प्रोग्रॅममध्येच असेल तर ते वाचून हव्या तेवढ्या की तयार करता येतात. यावरचा उपाय म्हणजे डिजिटल सही. ग्राहकाचे नाव, दुकानाचा जीएसटी क्रमांक, यंत्राची ओळख, घेतलेले मॉड्यूल आणि अपडेट मिळण्याची अंतिम तारीख एवढा मजकूर एका लहान फाइलमध्ये लिहून तिच्यावर तुमच्या खासगी कीने, म्हणजे फक्त तुमच्याकडे असलेल्या गुप्त संख्येने, सही करा, आणि प्रोग्रॅममध्ये फक्त तिची जोडीदार असलेली सार्वजनिक की ठेवा. या कीने सही तपासता येते, पण नवी सही करता येत नाही. ईडी२५५१९ ही पद्धत यासाठी पुरेशी आणि सोपी आहे. खासगी की मात्र सपोर्टच्या मुलांच्या लॅपटॉपवर किंवा सोर्स कोडसोबत ठेवू नये. शिवाय दुकानाचे नाव आणि जीएसटी क्रमांक छापील बिलावर थेट या फाइलमधूनच घ्या. दुसऱ्याच्या नावाची बिले कोणताही दुकानदार फार दिवस फाडत नाही, आणि माझ्या मते हा एकच उपाय निम्मे काम करतो.

खरी अडचण यंत्राची ओळख ठरवताना येते. मदरबोर्डचा सीरियल नंबर घ्यावा असे अनेक ठिकाणी सांगितले जाते; पण आपल्याकडील असेंबल केलेल्या कितीतरी कॉम्प्युटरमध्ये तो भरलेलाच नसतो, आणि त्या जागी 'टू बी फिल्ड बाय ओईएम' हे निर्मात्याने ठेवलेले कोरे वाक्य मिळते, म्हणजे दोन वेगळ्या दुकानांची ओळख एकच निघते. विंडोजच्या रजिस्ट्रीतील, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीतील, मशीनगुइड (MachineGuid) हा क्रमांक फॉरमॅट मारल्यावर बदलतो, तर एकाच डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवली की दोन्हीकडे सारखाच राहतो. नेटवर्क कार्डाचा पत्ता घ्यावा, तर यूएसबी वायफाय काढताच तो नाहीसा होतो. म्हणून तीन-चार गोष्टी एकत्र घ्याव्यात आणि त्यांपैकी एखादी बदलली तरी लायसन्स चालू ठेवावे. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीच्या ॲक्टिव्हेशनमध्येही यंत्रातील थोडे बदल असेच चालवून घेतले जात. 'सर, हार्ड डिस्क गेली, लायसन्स मागतंय, दुकानात गिऱ्हाईक उभं आहे' असा फोन रविवारी संध्याकाळी येतो, तेव्हा ग्राहकाला स्वतःच नवे यंत्र नोंदवता आले पाहिजे. वर्षातून दोन-तीन वेळा ही मुभा द्या आणि त्यापुढे तुम्हाला फोन करावा लागेल असे ठेवा.

इंटरनेटवरून दररोज तपासणी करू नये. पहिल्या नोंदणीला जोडणी घ्या, नंतर महिन्यातून एकदा जमेल तेव्हा तपासा, आणि जोडणी नसेल तर बराच अवधी द्या. मुदत टाळण्यासाठी घड्याळ मागे नेले जाते, म्हणून शेवटच्या बिलाच्या तारखेपेक्षा यंत्राची तारीख मागे दिसल्यास तसा इशारा द्यावा. तुमचा सर्व्हर कायमचा बंद झाला तर काय, याचेही उत्तर आजच ठरवून ठेवा. ॲडोबीने क्रिएटिव्ह सूट २ चे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले, तेव्हा जानेवारी २०१३ मध्ये जुन्या ग्राहकांना ॲक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती द्यावी लागली होती. यूएसबीला लावायचा हार्डवेअर लॉक हा जुना आणि भक्कम मार्ग आहे, परंतु किंमत आणि हरवण्याची भीती पाहता लहान दुकानाला तो परवडत नाही.

लायसन्स अवैध ठरले तर प्रोग्रॅमने काय करावे, याबाबत मी ठाम आहे. नवे बिल थांबवा, पण जुना हिशेब पाहणे, छापणे आणि एक्सेलमध्ये काढून घेणे कधीही बंद करू नका. डेटा दुकानदाराचा आहे. मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या कॉम्प्युटरमधील माहिती पुसणे किंवा बिघडवणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ खाली येते, आणि समोरच्याने कॉपी चोरली होती म्हणून आपल्याला ती मोकळीक मिळत नाही. २००५ मध्ये सोनी बीएमजीने संगीताच्या सीडींमधून ग्राहकांच्या कॉम्प्युटरमध्ये लपून बसणारे कॉपीरोधक सॉफ्टवेअर घातले; त्यातून सुरक्षेला भगदाड पडले आणि कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. त्यात पैसे मोजून सीडी घेतलेला ग्राहकच भरडला गेला.

कुलपापेक्षा एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, अधिक उपयोगी पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. अशा वेळी सगळी उत्पादने हाताने बदलत बसण्यापेक्षा एका अपडेटने काम झाले तर त्याची किंमत दुकानदाराला कळते. अपडेट, ऑनलाइन बॅकअप आणि फोनवरील मदत वैध लायसन्सशी जोडा, आणि वार्षिक रक्कम गावातल्या दुकानदाराला सहज देता येईल एवढीच ठेवा.

व्हिडिओंसाठी वाइडवाइनसारखे डीआरएम, म्हणजे कॉपी रोखणारे डिजिटल कुलूप, देणाऱ्या होस्टिंग सेवेतून ते दाखवता येतात, मात्र पडद्यासमोर मोबाइल धरून केलेले चित्रण कोणीच थांबवू शकत नाही. ग्राहकाचे नाव चित्रावर फिरते ठेवले की फाइल पुढे पाठवताना माणूस विचार करतो. पण तुमचे व्हिडिओ सॉफ्टवेअर शिकवण्यासाठी आहेत, म्हणून मी ते सर्वांना खुले ठेवीन.

कायदा तुमच्या बाजूने आहे. कॉपीराइट अधिनियम १९५७ च्या कलम ६३ब नुसार, बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असताना ती कॉम्प्युटरवर वापरणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो, तर २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ संरक्षक कुलूप तोडण्याला लागू होते. मात्र वैध ग्राहकाला बॅकअपसाठी प्रत ठेवण्याचा हक्क याच कायद्याने दिला आहे, तेव्हा करारात तो नाकारू नका. किती यंत्रे, किती दुकाने आणि दुकान विकल्यास लायसन्सचे काय, हे करारात सोप्या मराठीत लिहा.

सध्या कॉपी वापरणाऱ्या त्या चार-पाच दुकानांना लगेच नोटीस पाठवू नये. नवी सही-पद्धत असलेली आवृत्ती तयार झाली की प्रत्येकाकडे स्वतः जा, त्यांचा जुना डेटा जसाच्या तसा नव्या आवृत्तीत घेऊन दाखवा आणि पहिल्या वर्षाचे लायसन्स सवलतीत द्या. त्यांचा हिशेब तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये साठलेला आहे, त्यामुळे बहुतेक जण पैसे भरतील. जो स्पष्ट नकार देईल त्याला मात्र वकिलामार्फत लेखी कळवा.