गाडीच्या मडगार्डच्या आतला भाग आणि खालची बाजू कायम स्वच्छ, चकचकीत ठेवायची तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी दीड वर्षाची आहे, राहता रत्नागिरीजवळ, आणि डिटेलिंग (गाडीची बारीकसारीक सफाई) करून आणलं की मडगार्डच्या आतलं काळं प्लास्टिक चारच दिवस काळंभोर दिसतं, मग पुन्हा पांढुरकं पडतं. खालून कोटिंग मारून घ्यावं का, हेही विचारलंय. मीही रत्नागिरीचीच. गेली बारा वर्षं माझ्या गाडीचं हे काम घरच्या अंगणात मी स्वतः करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मडगार्डच्या आतलं प्लास्टिक आणि खालचा पत्रा ही दोन वेगळी कामं आहेत. प्लास्टिक चमकवायचं असतं. पत्रा कोरडा ठेवायचा असतो, तो चमकला नाही तरी काही बिघडत नाही. दोन्हीवर एकच चकाकणारं औषध फवारून गाडी परत देतात तिथेच घोटाळा होतो.

हे मला माझ्या पहिल्या गाडीने शिकवलं. ती जुनी घेतलेली होती. घेतल्या घेतल्या एका ठिकाणी खालून काळं कोटिंग मारून घेतलं. भर जुलैत, गाडी धुऊन तासाभरात. तीन वर्षांनी दाराखालच्या पत्र्याला एक फुगा दिसला म्हणून डेंटिंगवाल्या काकांकडे नेली. त्यांनी पुढचं चाक काढलं, चाकावरच्या कमानीतलं प्लास्टिक, म्हणजे लायनर, सोडवलं, आणि मागच्या खालच्या कोपऱ्यातून लाल मातीची अख्खी वडी निघाली. विटेएवढी. वरून सुकलेली, आतून ओली, आणि तिच्यात गवताची पांढरी मुळं. काकांनी त्या जागी स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो सरळ आत गेला. बाहेरून कोटिंग अजून काळं कुळकुळीत होतं, आत पत्रा उरलाच नव्हता.

तेव्हापासून माझी सुरुवात त्या कोपऱ्यापासून होते. तुम्हीही तिथूनच करा. पुढची चाकं एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे मडगार्डची मागची बाजू मोकळी होते. लायनर जिथे दाराखालच्या पत्र्याला भेटतं तिथे बोटं घाला. हाताला ओलसर माती लागली तर लायनर सोडवावंच लागेल. ते प्लास्टिकच्या क्लिपांवर आणि थोड्या स्क्रूंवर बसलेलं असतं. क्लिपची मधली खुंटी आधी वर काढायची, मग क्लिप ओढायची, नाहीतर तुटते. एखाद-दोन तुटतातच, म्हणून स्पेअरच्या दुकानातून तुमच्या मॉडेलच्या पाच-सहा आधीच आणून ठेवा.

चाक काढून काम केलं तर फार सोपं जातं. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर, हँडब्रेक वर, गिअर टाकलेला, उरलेल्या चाकांना दगड. नट जमिनीवर असतानाच सैल करून मग जॅक लावायचा आणि काढलेलं चाक गाडीखाली आडवं सारून ठेवायचं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं किंवा खांदा कधीही घालू नका, अर्ध्या मिनिटासाठीसुद्धा नाही. खाली शिरायचंच असेल तर गाडीला स्टँडचा आधार द्या, किंवा वॉशिंग सेंटरचा रॅम्प भाड्याने घ्या. चाक परत बसवताना नट समोरासमोरचे घट्ट करत जा आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघा.

आता धुणं. आपली माती जांभ्याची. ती पिठासारखी बारीक असते आणि लायनरच्या खरखरीत प्लास्टिकच्या खाचांत जाऊन बसते. नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने वरची माती जाते, खाचांतली राहते, आणि तिच्यावर ड्रेसिंग, म्हणजे प्लास्टिक चमकवणारं औषध, मारलं की चार दिवसांनी तीच वर येते. तुमच्या पांढुरकेपणाचं मोठं कारण हे. म्हणून आधी पाण्याने भिजवून दहा मिनिटं थांबायचं. मग ऑल पर्पज क्लीनर दहापट पाण्यात मिसळून खालून वर फवारायचा, लांब दांड्याच्या ब्रशने घासायचं, आणि सुकायच्या आत धुऊन टाकायचं. मी हे दोनदा करते. दुसऱ्या वेळी खाली ओघळणारं पाणी चहाच्या रंगाचं असेल तर तिसऱ्यांदा. पाणी नितळ निघेपर्यंत काम सोडू नये. काम गाडी थंड असताना करा. लांबून आल्या आल्या तापलेल्या ब्रेक डिस्कवर गार पाणी पडलं तर डिस्क वाकडी होऊ शकते.

प्रेशर वॉशर असेल तर गन हातभर लांब धरा. ड्राइव्ह शाफ्टचे (चाक फिरवणाऱ्या दांड्याचे) रबरी बूट, वायरींचे जोड आणि चाकाजवळ येणारी एबीएसची (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) बारीक वायर यांच्यावर थेट धार नको. इलेक्ट्रिक गाडी असेल तर खालच्या नारिंगी केबलींच्या जोडांपासून गन लांबच ठेवा.

दाराखालच्या पोकळ पत्र्याला खालच्या कडेला बारीक भोकं असतात. आत गेलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून कंपनीने ठेवलेली. चिखलाने ती बुजतात आणि पाणी आतच साचतं. त्यांत खिळा किंवा तार घालू नका, रंग खरवडला जातो. आपल्याकडे याला सगळ्यात चांगलं हत्यार घरातच आहे, नारळाच्या हिराच्या केरसुणीतला एक जाडसर हीर. तो वाकतो, भोकात वळतो, आणि रंगाला ओरखडा पडत नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा एका भोकातून चांगलं वाटीभर गढूळ पाणी निघालं होतं, आणि गाडी चार दिवस शेडमध्ये उभी होती!

मिठाचं वेगळं सांगते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच गाडीखाली होतं. समुद्राचं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे मीठ बसलेला पत्रा उन्हाचा दिवस असला तरी पुरता सुकत नाही. आरे-वारेच्या समुद्रकाठच्या रस्त्याने रोजचं जाणं-येणं असेल तर पंधरा दिवसांनी एकदा खालून साध्या पाण्याने खळाळून धुवा. गाडी वाळूत उतरवली असेल तर त्याच संध्याकाळी. यात शॅम्पू लागत नाही, मीठ पाण्यातच जातं, पण पाणी भरपूर लागतं.

धुतल्यावर दहा-पंधरा किलोमीटर गाडी फिरवून आणा आणि उन्हात उभी करा. ड्रेसिंग पूर्ण कोरड्या लायनरवरच लावायचं. इथे लोक घाई करतात, आणि टिकाऊपणा इथेच जातो.

ड्रेसिंग दोन प्रकारचं मिळतं. एक पारदर्शक, तेलकट, लावल्या लावल्या काचेसारखं चमकणारं. दुसरं दुधासारखं पांढरं, पाण्यावर आधारलेलं, सुकल्यावर नव्या प्लास्टिकसारखं दिसणारं. मी दुसरंच वापरते. तेलकटावर धूळ चिकटते, आणि चाक फिरलं की त्याचे शिंतोडे दारावर येतात. पांढरं ड्रेसिंग स्पंजवर घेऊन पातळ थर द्या, वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्या. चाक काढलेलं असेल तर डिस्कवर जुनी पिशवी बांधा. ब्रेकवर आणि टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या भागावर ते अजिबात जाऊ देऊ नका. पावसाळ्यात हे दोन-तीन आठवडे टिकतं, एरवी महिनाभर सहज. त्याहून जास्त हवं असेल तर बाहेरच्या काळ्या प्लास्टिकसाठी सिरॅमिक कोटिंग मिळतं, ते कित्येक महिने राहतं, पण पृष्ठभाग अगदी निर्मळ हवा आणि लावल्यावर दिवसभर पाणी लागता कामा नये. पावसाळ्यात त्याच्या वाटेला जाऊ नका. तुमचं लायनर प्लास्टिकचं नसून घोंगडीसारख्या जाड कापडी थराचं असेल (काही गाड्यांना मागच्या चाकांवर असतं), तर त्याला ड्रेसिंग नको. धुवा, वाळवा, कोरड्या ब्रशने झटका, एवढं बास.

खालच्या बाजूला काय मारावं? कारखान्यातून येताना पत्र्यावर विजेच्या प्रक्रियेने चढवलेला गंजरोधक थर असतो, आणि बऱ्याच गाड्यांना खालून वर आणखी पीव्हीसीचा थर. दीड वर्षाच्या गाडीचा तो शाबूत असण्याची शक्यताच जास्त. म्हणून सरसकट काळं डांबरी कोटिंग मारू नका. त्याच्याखाली काय चाललंय ते दिसत नाही, आणि ओल कोंडली तर ती बाहेरही येत नाही. रॅम्पवर गाडी घेऊन टॉर्चने बघा. खडी लागून टवका उडाला असेल, तांबूस ठिपका दिसत असेल, तेवढीच जागा कोरडी करून पॉलिश पेपरने घासा, रस्ट कन्व्हर्टर लावा (गंजाचा रंग काळा पडतो), मग प्रायमर, आणि वर मेणावर आधारलेला पारदर्शक थर. तो दिसायला साधा, थोडा मळकट असतो, पण खालचा पत्रा कायम दिसत राहतो. सायलेन्सर, ब्रेक, ड्राइव्ह शाफ्ट, रबरी भाग आणि ती पाण्याची भोकं यांच्यावर काही जाऊ द्यायचं नाही. फवारणाऱ्याजवळ उभं राहून स्वतः बघा. वॉरंटीच्या अटींत बाहेरून केलेल्या कोटिंगबद्दल काय लिहिलंय तेही आधी वाचा.

दोन गोष्टींना ठाम नकार द्या. एक, खालून डिझेल किंवा जळकं ऑइल फवारणं. माझ्या बाबांच्या जीपला दर पावसाळ्याआधी ते मारायचे. तिच्या स्प्रिंगच्या पाट्यांना, ग्रीसच्या निपलांना ते चालून गेलं. आजच्या गाडीखाली जागोजागी रबराचे बुश आहेत, ते डिझेलने फुगतात, मऊ पडतात, आणि वर धूळ चिकटून राहते ती वेगळीच. दुसरं, चाकं पांढरीशुभ्र करायला फरशीचं अ‍ॅसिड. अलॉयचा वरचा थर त्याने जातो आणि ब्रेकच्या आसपासच्या नटबोल्टना गंज चढतो.

मी पूर्ण काम वर्षातून दोनदा करते. मे महिन्यात, पत्रा तापून खणखणीत कोरडा असतो तेव्हा मेणाचा थर. आणि खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी पावसाळ्याची माती काढणं, म्हणजे दसऱ्याला झेंडूचा हार घालताना गाडी आतूनही धुतलेली असते.

स्वच्छ लायनरवर आणखी एक गोष्ट दिसते, जी चिखलात कधीच दिसत नाही. आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे एका रेषेत उडालेले असतील तर ड्राइव्ह शाफ्टचा बूट फाटलाय. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओला पट्टा असेल तर तो गळतोय. मागच्या ऑक्टोबरमध्ये मला डाव्या चाकात तसे शिंतोडे दिसले. नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागलं, आतला जॉइंट वाचला. धुवून झाल्यावर टॉर्च घेऊन चारही चाकांत एकदा डोकवा, आणि डाव्या-उजव्या बाजूत फरक दिसला तर फोटो काढून मेकॅनिकला दाखवा.