आरएनए अस्थिर असतो, म्हणूनच त्यात उत्परिवर्तने जास्त होतात का?

आपल्या प्रश्नात दोन निराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत: आरएनएची साखळी तुटणे आणि तिची नक्कल चुकणे. पहिली गोष्ट रसायनशास्त्राची आहे. दुसरी मुख्यतः नक्कल करणाऱ्या विकराची, म्हणजे एन्झाइमची.

साखळी तुटते ती एका ऑक्सिजन अणूपायी. आरएनएतील रायबोज शर्करेच्या दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असतो, तर डीएनएच्या शर्करेवर त्या जागी नुसता हायड्रोजन असतो. द्रावण अल्कधर्मी झाले, की हा हायड्रॉक्सिल गट प्रोटॉन सोडून शेजारच्याच फॉस्फेटवर हल्ला चढवतो आणि साखळी तिथे तुटते. त्यात भर आरएनए तोडणाऱ्या रायबोन्यूक्लिएज विकरांची. ती आपल्या त्वचेवरही असतात आणि त्यांपैकी काही उकळूनही पुरती निकामी होत नाहीत. मी पहिल्यांदा मानवी पेशींतून आरएनए वेगळा केला, तेव्हा रेणू लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर 28एस आणि 18एस (रायबोसोममधल्या आरएनएचे दोन प्रकार) असे दोन ठसठशीत पट्टे दिसायला हवे होते. दिसला तो खालपर्यंत ओघळलेला धूसर डाग. हातमोजे वेळेवर न बदलल्याचे ते फळ असावे.

परंतु तो आरएनए नासला होता, त्याच्यात उत्परिवर्तन झाले नव्हते. उत्परिवर्तनासाठी साखळीची नक्कल व्हावी लागते आणि नकलेतले चुकीचे अक्षर, म्हणजे साखळीतला चुकीचा बेस, टिकावे लागते. बहुतेक आरएनए विषाणूंच्या पॉलिमरेजला, म्हणजे नक्कल करणाऱ्या विकराला, आपले काम तपासण्याची सोयच नसते, म्हणून प्रत्येक नकलेत साधारणपणे 10 हजार ते 10 लाख अक्षरांमागे एक चूक राहते. जीवाणूंच्या डीएनएत, तपासणी आणि दुरुस्ती दोन्ही जमेस धरता, हेच प्रमाण 1 ते 10 अब्ज अक्षरांमागे एक इतके खाली येते. कोरोनाविषाणूंचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. त्यांचा जीनोमही, म्हणजे सगळा आनुवंशिक मजकूरही, आरएनएचाच, तोही सुमारे 30 हजार अक्षरांचा. पण चुकीचे अक्षर छाटणारे एक विकर त्यांच्याजवळ असल्यामुळे त्यांच्या नकलेत इन्फ्लुएन्झाच्या विषाणूपेक्षा कमी चुका राहतात.

रसायनाचा काहीच संबंध नाही, असे मात्र नव्हे. सायटोसिन या अक्षराचा अमिनो गट आपोआप गळून त्याचे युरॅसिल हे दुसरे अक्षर होते. डीएनएत युरॅसिलऐवजी थायमिन असल्यामुळे हा उपरा लगेच ओळखू येतो आणि काढला जातो. आरएनएत युरॅसिल घरचेच, त्यामुळे खरे कोणते आणि बिघडून झालेले कोणते हे कळायला मार्ग नाही. उलट, प्युरिन, म्हणजे अ‍ॅडेनिन आणि ग्वानिन ही अक्षरे, गळून पडण्याच्या बाबतीत डीएनएच अधिक नाजूक आहे: एका मानवी पेशीत दिवसाला सुमारे 10 हजार प्युरिन गळतात, आणि समोरच्या धाग्यावर जोडीचे अक्षर शाबूत असल्यामुळेच ती जागा बिनचूक भरता येते.